दुसऱ्या किल्लीचं संशोधन

चष्म्याच्या दुकानाच्या जिन्याखाली किल्लीवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं म्हणायला. आत एक माणूस मावे, तोही वाकून. किल्ली धरून ठेवायला एक पकड, चार कानशी, खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि बाहेर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्या स्टुलावर सहसा कोणी बसत नसे. किल्ली व्हायला वेळ तो काय लागणार? लोक उभ्या उभ्या येत आणि उभ्या उभ्या जात. किल्लीवाल्याने लग्न केलं नव्हतं असं तो सांगे. झालं नव्हतं असं लोक सांगत.

कोणी कोणाच्या कुलुपाची किल्ली करून नेली, हे किल्लीवाल्याने कुठे बोलायचं नाही. हा धंद्याचा पहिला नियम. तो त्याने वर्षानुवर्षं पाळला. त्यात फार मोठी तपश्चर्या होती असंही नाही, कारण त्याला कोणी काही विचारतच नव्हतं.

मग बाई आल्या. तेव्हा त्या तरुण होत्या, विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायच्या आणि खांद्यावर टेपरेकॉर्डरची पिशवी घेऊन हिंडायच्या. शेजारीपाजारी एकमेकांवर किती विश्वास ठेवतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय.

"लोकांना सरळ विचारलं ना दादा, तर सगळ्यांचा सगळ्यांवर विश्वास असतो," त्या म्हणाल्या. "पण घराची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवलीय हे विचारलं की गडबडतात. म्हटलं, तुमच्याकडेच यावं."

आणि त्या स्टुलावर बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशीही. आपण बोलतोय आणि समोर कोणीतरी मान हलवत ऐकतंय, हे सुख किल्लीवाल्याने उभ्या जन्मात भोगलं नव्हतं. मग काय विचारता! नियम गेला उडत. नावं मात्र त्याने सांगितली नाहीत. पलीकडचा पाववाला किल्ली शेजारणीकडे ठेवतो पण सख्ख्या भावाकडे नाही, डॉक्टरच्या घराला पाच किल्ल्या आहेत तरी घरात कोणी नसतं, असं सगळं तो सांगत सुटला. चहा तोच मागवायचा.

पण एका रस्त्याच्या गोष्टी त्या किती? हळूहळू साठा आटला. बाई घड्याळाकडे बघू लागल्या. आता ही उद्या येणार नाही, हे त्याला कळलं. तेव्हा त्याने घरचीच गोष्ट काढली.

"आमच्या ताईचीच गंमत सांगतो. मुलगा आणि सून कामावर जाताना आपल्या खोलीला कुलूप घालून जातात. तर हिने माझ्याकडून त्याची गुपचूप किल्ली करून घेतली. सख्खी आई, आणि चोरून किल्ली!" असं म्हणून तो हसला. बाई स्टूल पुढे ओढून बसल्या, आणि आणखी आठवडाभर येत राहिल्या.

पुस्तक निघालं. बाईंनी काळजी घेतली होती, नाव कोणाचंही छापलं नव्हतं. 'एक किल्लीवाला' आणि 'त्याची विधवा थोरली बहीण', बस्स. आता साऱ्या रस्त्यात किल्लीवाला एकच आणि त्याला बहीण एकच, हे एवढ्या शिकलेल्या माणसांच्या लक्षात येऊ नये? वर कंसात लिहिलं होतं, '(हसतो)'. जे ऐकलं ते जसंच्या तसं उतरवायचं, अशी त्यांची पद्धत.

वर्तमानपत्रात पुस्तकावर लेख आला, त्यात नेमकी ती गोष्ट होती. भाच्याने ती जेवायच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवली. महिन्याभरात मुलगा आणि सून वेगळ्या घरात राहायला गेले, मग वेगळ्या शहरात. ताई जिन्याखाली एकदाच आली. किल्लीबद्दल अवाक्षर नाही.

"बारक्या, तू हसलास?" एवढंच विचारलं.

तो कानस घासत राहिला. तेव्हापासून ताई त्याच्याशी बोलली नाही. ती समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना ती त्याला दिसे आणि तिला तो दिसत असणारच. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची कोणाकडे?

पुस्तक मात्र वाऱ्यावर स्वार झालं. दुसऱ्या किल्लीचा सिद्धांत म्हणून लोक ते शिकवू लागले. दूरदूरचे विद्यार्थी जिन्याखाली येत, 'तेच का तुम्ही?' म्हणून विचारत, त्याच्यासोबत फोटो काढून घेत. त्यांना किल्ली नको असे. ते निघून गेल्यावर त्याला स्टुलाकडे बघवत नसे. पण पुढचा कोणी आला की तो पुन्हा चहा मागवी. खोटं कशाला बोलायचं, त्याला ते आवडत होतं, आणि आवडतं याची लाजही वाटत होती.

अशी तीसेक वर्षं गेली. एके दिवशी बाई परत आल्या. केस पांढरे, हातात काठी, टेपरेकॉर्डरच्या जागी मोबाइल. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार होती आणि तिला त्या एक नवं प्रकरण जोडणार होत्या. किल्लीवाल्याने मनात घोळवून ठेवलेलं एका दमात सांगून टाकलं.

"बाई, ताईची तेवढी गोष्ट काढून टाका. बाकी काय हवं ते छापा."

बाईंनी काठी भिंतीला टेकवली. मग त्यांनी समजावून सांगितलं. ती गोष्ट आता त्यांच्या एकटीची राहिली नव्हती. शेकडो लेखांत तिचा हवाला दिला होता. एक म्हणतो आईला घरातली सत्ता सोडवत नव्हती, दुसरा म्हणतो सुनेवर संशय होता, तिसरीने तर मालमत्तेच्या हक्कावर अख्खा प्रबंध लिहिला. मूळ पुस्तकातून काढली तरी या सगळ्यांतून कशी काढणार?

"आणि खरं सांगू का दादा," त्या पुढे झुकल्या, "सगळे भांडतात, पण खरं कारण कोणालाच माहीत नाही. माझं तेव्हा विचारायचं राहून गेलं. मला नवं प्रकरण त्याच्यावरच लिहायचंय. ताईंनी किल्ली का करून घेतली होती?"

किल्लीवाल्याने हातातली कानस खाली ठेवली. त्याला माहीत नव्हतं. जगातले शहाणे जिच्यावर डोकं खाजवत होते ती त्याची सख्खी बहीण, किल्ली त्याच्या हातची, आणि 'का गं ताई?' एवढं विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. हसायचं मात्र सुचलं होतं.

"उद्या या," तो म्हणाला.

संध्याकाळी तो दोन मजले चढला. गुडघे कुरकुरत होते. ताईने दार उघडलं, पण ती दारातच उभी राहिली. केवढीशी झाली होती! रस्त्यावरून एवढी बारीक दिसत नसे.

"ताई, मी हसलो होतो," तो म्हणाला. "चुकलं माझं. ती किल्ली तू कशाला करून घेतली होतीस गं?"

ताईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ती बाई परत आलीय. पाहिलं मी गॅलरीतून. तिने पाठवलं का तुला?"

"विचारलं तिने. पण आलो माझा मी."

ताई चौकटीला टेकली.

"दिवसभर घरात कोणी नसायचं," ती म्हणाली. "पोराच्या खोलीत त्याचे कपडे असायचे, उशी असायची. जाऊन बसायची मी तिथे जरा वेळ. कशालाही हात लावत नव्हते. ते यायच्या आधी कुलूप लावून टाकायची. बस्स."

खाली जिन्याखाली किल्लीवाला एक स्टूल मांडून बसला होता आणि वर ही. दोघांमध्ये एक रस्ता, तोही रुंद नव्हता.

"जा आता, सांग तिला," ताई म्हणाली. "छापू दे. कंसात लिहायला सांग, रडली म्हणून."

"नाही सांगणार, ताई."

"तुझ्या शब्दाला काय चाटायचंय? नवं पुस्तक निघालं की आणवून घेईन. वाचेन, आणि मग बघू." आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई वेळेवर आल्या. स्टुलावर बसल्या, मोबाइल सुरू करून गुडघ्यावर ठेवला. चहा आला.

"विचारलंत?"

"नाही सांगितलं तिने," किल्लीवाला म्हणाला. "माणूस म्हातारं झालं की विसरतं, बाई."

बाईंचा चेहरा पडला. पण त्या हाडाच्या संशोधक. त्यांनी आणखी तीन-चार वाटांनी विचारून पाहिलं. तो कानस घासत राहिला. शेवटी त्यांनी मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. आता त्या पुन्हा येणार नाहीत हे त्याला स्वच्छ दिसत होतं, आणि या वेळी त्यांना थांबवायला त्याच्याकडे खरोखरच काहीतरी होतं. त्याने पकड आणखी घट्ट आवळली.

"नवं पुस्तक कधी निघणार?" बाई उठता उठता त्याने विचारलं.

"आता ते प्रकरण नाही, म्हणजे फेरमांडणी आली. मग तपासणी, छपाई... दोन वर्षं तरी धरा."

किल्लीवाल्याने समोरच्या गॅलरीकडे पाहिलं. ताई आता पंच्याऐंशीची होती.

"जरा लवकर नाही का होणार, बाई?" तो म्हणाला.

या वयातही माणसाला छापून येण्याची केवढी हौस असते, असं वाटून बाई हसल्या.