‘इन स्पाइट ऑफ’च्या पुढचा शब्द

माझे वडील शिवाजी पेठेतल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पेठ वडगावकडच्या एका खेड्यातून ते शिकायला कोल्हापुरात आले, आमच्या भावकीतले पहिले बी.ए. झाले, तेही इंग्रजी घेऊन, आणि मग इथंच राहिले. मंगळवार पेठेत दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. रविवारी सकाळी विहारात ते मुलांचा फुकट तास घ्यायचे. मी त्याच तासाला बसून दहावी झाले.

त्यांचा सगळा जीव इंग्रजीतल्या बारक्या शब्दांत असायचा. इन, ऑन, अ‍ॅट आणि त्यांच्यापासून बनलेले ‘इन फ्रंट ऑफ’, ‘इन्स्टेड ऑफ’ असले जोडशब्द.

“आपला घोटाळा हितंच होतोय,” ते म्हणायचे. “मराठीत आधी घर येतं, मग समोर. घरासमोर. इंग्रजीत आधी समोर येतं आणि मग घर. इन फ्रंट ऑफ द हाउस. तुम्ही घर धरून बसता आणि वाक्य पुढं जात न्हाई. आधी समोर म्हणा, घर येतंय की मागनं.”

शिकवताना ते अर्धं वाक्य म्हणून थांबायचे. खडू वर धरून, भुवया उंचावून वर्गाकडं बघायचे. “देअर इज अ तालीम इन फ्रंट ऑफ...?” वर्ग ओरडायचा, “अवर हाउस!” “ही ड्रँक टी इन्स्टेड ऑफ...?” “मिल्क!” सगळ्यांत जड जायचं ते ‘इन स्पाइट ऑफ’. पाऊस असूनही मॅच झाली, हे सांगताना एकानं ‘इन स्पाइट ऑफ रेन वॉज फॉलिंग’ लिहिलं, तेव्हा आबांनी अख्खा तास त्यावर घालवला. “ऑफच्या पुढं नाव पाहिजे. अख्खं वाक्य तिथं बसत न्हाई. नुसतं नाव. इन स्पाइट ऑफ द रेन.”

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी शिकून एका ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले होते. एका दुपारी शाळेतून फोन आला. काय झालं ते पुढं त्यांच्या सोबतच्या शिक्षकांनी सांगितलं. नववीच्या वर्गात आबा ‘इन फ्रंट ऑफ’ म्हणाले आणि थांबले. मुलांना वाटलं, नेहमीसारखं विचारतायत. कुणी ‘स्कूल’ म्हणालं, कुणी ‘टेंपल’. आबा काहीच बोलेनात, म्हणून मुलांना चेव आला आणि सगळा वर्ग ओरडायला लागला. बस, ट्री, टँक, एलेफंट. हसणं चालू होतं. मग त्यांच्या हातातला खडू पडला आणि ते फळ्याला टेकून हळूहळू खाली बसले, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी किंचाळली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ झालीय. उजवा हात आणि पाय गेला. तोंडातून शब्द येईना. दवाखान्यातून घरी आणल्यावरही कितीतरी दिवस ते नुसते बघत राहायचे. आई त्यांना चमच्यानं भरवायची आणि एकटीच बोलत राहायची.

एके दिवशी सकाळी ती चहा घेऊन गेली आणि तशीच पळत माझ्याकडं आली. “बोललं गं! तुझं आबा बोललं!” मी धावले. आबा लोडाला टेकून बसले होते. माझ्याकडं बघून त्यांनी स्वच्छ, शाळेतल्यासारख्या उच्चारात म्हटलं, “इन्स्टेड ऑफ.”

आणि थांबले. मी हसून पुढं झाले. मला वाटलं, आता बाकीचंही येईल. त्यांचे ओठ हलले, भुवया वर गेल्या, पण ते मला विचारत नव्हते. पुढचा शब्द ते स्वतःच शोधत होते, आणि तो मिळत नव्हता.

पुढं मिरजेहून एक बाई त्यांना बोलायला शिकवायला येऊ लागल्या. त्या चित्रं दाखवायच्या. छत्री, कप, कुत्रा. आबांना सगळं ओळखू यायचं. छत्री बघितली की डावा हात डोक्यावर धरायचे. पण नाव यायचं नाही. ‘बिकॉज ऑफ’ म्हणायचे, पुन्हा ‘बिकॉज ऑफ’, आणि डोळ्यांत पाणी यायचं. मी बाईंना विचारलं, “मराठी का येत नाही? ती तर त्यांची स्वतःची भाषा.”

बाई म्हणाल्या, “वस्तूंची नावंच गेलीत त्यांची. मराठीत आधी नाव लागतं, म्हणून त्यांना सुरुवातच करता येत नाही. हे इंग्रजी तुकडे जन्मभर घोकलेले आहेत, ते आपोआप येतात. पण त्यापुढं पुन्हा नावच पाहिजे ना.”

“येईल का पुढं?”

बाईंनी चित्रं पिशवीत भरली. “प्रयत्न करू,” म्हणाल्या. काही महिन्यांनी त्या यायच्या थांबल्या. त्यांनी थांबायचं कारण सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मला निदान त्या तुकड्यांचा अर्थ कळायचा. आईला तोही कळत नव्हता. ती चौथीपर्यंत शिकलेली. लग्नापासून ज्या माणसाशी ती आपल्या भाषेत बोलली, भांडली, तो आता दिवसभर तिच्याशी परक्या भाषेत बोलत होता. मी ऑफिसातून आले की चप्पल काढायच्या आधी ती विचारायची.

“आज सारखं ते इनस्पाईट म्हणत्यात. म्हंजे काय गं?”

“असूनही.”

“काय असूनही?”

“ते त्यांनी सांगितलं का?”

“न्हाई.”

“मग मला तरी कसं कळणार, आई?”

ती स्वयंपाकाच्या खोलीत जायची. तिथं भांडी घासताना मी तिला पुटपुटताना ऐकलं. इन फ्रंट ऑफ, समोर. इन्स्टेड ऑफ, बदली. बिकॉज ऑफ, मुळं. ती पाठ करत होती. मग ती त्यांच्यापुढं बसून पुढचा शब्द भरायला लागली. आबा म्हणायचे, “इन्स्टेड ऑफ.” आई म्हणायची, “भाकरीच्या बदली? भात देऊ? न्हाई? चहाच्या बदली दूध?” कधी आबा मान हलवायचे. मग ती भात कालवायची आणि तिच्या तोंडावर असं काही समाधान दिसायचं की मला तिथं थांबवत नसे. कारण आबा बहुतेकदा दमून मान हलवायचे. ताटातला भात तसाच राहायचा.

एका सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, आबांनी नवा तुकडा काढला. “ऑन बिहाफ ऑफ.” आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “कुणाच्या तरी वतीनं.” आबांनी जोरात मान हलवली. बरोबर. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि ते जेवणाखाण्याचं नव्हतं. ते उठून बसले.

“शाळेच्या वतीनं?” मी विचारलं. नाही. “विहाराच्या?” नाही. “माझ्या?” त्यांनी हात झटकला.

“माझ्या वतीनं?” आई म्हणाली. आबा तिच्याकडं बघत राहिले. मान हो म्हणून हलली, मग नाही म्हणून हलली, मग त्यांनी डोळे मिटले. पुन्हा उघडून म्हणाले, “ऑन बिहाफ ऑफ. ऑन बिहाफ ऑफ.”

आम्ही माणसं संपवली. भावकी, शेजारी, गेलेले आजोबा, जुने विद्यार्थी. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. आई म्हणाली, “अवो, हातानं तरी दाखवा की! कोण हाय ते?” आबांनी डाव्या हातानं गादीवर धपाधप मारलं आणि ते रडायला लागले. मोठ्यानं, लहान मुलासारखे. आईनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं. “असू दे, असू दे,” ती म्हणत होती. “कळलं मला. समदं कळलं.”

तिला काही कळलं नव्हतं. आबांनाही ते माहीत होतं. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

त्यानंतर ते कमी बोलू लागले. जुने विद्यार्थी सुरुवातीला यायचे, कुणी बँकेत लागलेला, कुणी पुण्याला गेलेला. आबा त्यांच्यापुढं तोंडच उघडायचे नाहीत. हळूहळू येणंही थांबलं. नवं शतक लागून काही वर्षं झाली होती, तेव्हा त्यांना दुसरा झटका आला आणि उरलेसुरले तुकडेही गेले. आई तरीही समोर बसून विचारायची, भात देऊ, कूस बदलू, खिडकी लावू. त्यांची मान हलायची नाही. त्या हिवाळ्यात सकाळी ती त्यांना उठवायला गेली, तेव्हा ते गेले होते.

मी आईला म्हटलं, “माझ्याकडं राहा.” तोवर माझं लग्न झालं होतं आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होते. तिनं मान हलवली नाही. म्हणाली, “मी भावाकडं जाते. गावाकडं.”

“तिथं काय आहे, आई? भावजयीशी तुझं पटत नाही.”

“न्हाई पटत. पर तिथं कोण काय बोलतंय ते तरी कळतंय मला.”

मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. तिचं माहेरही वडगावकडचंच, तिकडची गाडी लागली होती. तिनं खिडकीशी जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली. मी खाली उभी राहून काही ना काही सांगत होते, गोळ्या वेळेवर घे, पोचलीस की शेजारच्या फोनवरून कळव. ती हं हं म्हणत होती. गाडी सुरू झाली तेव्हा ती समोर बघत होती, माझ्याकडं नाही. पुढं तिच्याकडून फोन आला नाही. मीच दोनेक महिन्यांनी जाऊन आले. ती जोत्यावर बसून लसूण सोलत होती आणि कुणाशीच बोलत नव्हती.