इंजिनाची शिट्टी

माझे पती गेल्यानंतर त्यांची जुनी, गोल दिव्यांची गाडी डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कित्येक महिने उभी होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळत असे. शाळेत शिकवून यायचं, पुस्तक घेऊन खिडकीत बसायचं, आणि पानं उलटायची राहून जायची. मग एका सकाळी, का कोण जाणे, किल्ली घेऊन खाली गेले. गाडी त्यांनीच शिकवली होती मला. दोन-तीन खटपटींनंतर ती सुरू झाली आणि मी शेजारच्या उधन्यापर्यंत जाऊन आले. त्या दिवशी मी नीट जेवले.

दुसऱ्या दिवशी गाडीखाली तेलाचं काळं थारोळं होतं.

गॅरेजवाल्याने इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदललं. तेल पडतच राहिलं. पुन्हा बदललं, तरी तेच. तो गुजरातीत म्हणाला, "बेन, जूनी गाडी छे, तेल तो पडवानुं ज." म्हणजे तेल पडणारच. सोसायटीचे सेक्रेटरी रोज भेटले की फरशीकडे बघायचे. शेवटी धाकटे दीर आले. ते विणकर, आता निवृत्त. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "वहिनी, आता सोडा हिचा नाद. रविवारी भंगारवाला येईल, त्याला दाखवू."

मी जिन्याकडे वळले. त्यांनी तो होकारच मानला. मला मात्र जिना चढताना एवढंच दिसत होतं की, रविवारनंतर ती पुढची सीट, जिच्यावर माझ्या पतींच्या बसण्याचा खळगा आहे, कुणीतरी उपसून काढेल.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. मी जुनी साडी नेसून खाली गेले. मिलमध्ये फिटर असलेल्या माझ्या पतींची एक पद्धत होती : गळती शोधायची तर आधी सगळं स्वच्छ धुवायचं, वाळवायचं, वर पावडर मारायची आणि मशीन चालू करायचं, मग तेल आपली वाट आपणच दाखवतं. मी रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन धुतलं. वाळल्यावर अंगाला लावायची पावडर त्यावर झटकली. सेक्रेटरी जाता जाता थांबले.

"मावशी, हिला बारशाला न्यायचंय का?"

"नेईन, तेव्हा पेढे देईन," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी मी कुणाला उलट बोलले होते.

इंजिन चालू ठेवून मी बॅटरीच्या उजेडात पाहत राहिले. वाटलं होतं, एक काळी रेघ दिसेल आणि मी तिच्यामागे जाईन. पण वरच्या झाकणाच्या कडेला पावडर ओली झाली, पुढे पट्ट्याच्या चाकामागेही झाली, आणि तेल मोजायच्या डिपस्टिकच्या भोकातून तर तेलाचे बुडबुडे यायला लागले. सगळीकडूनच थोडं थोडं. मी गाडी बंद करून बाजूच्या ओट्यावर बसले. एवढी पॅकिंगं एकाच वेळी कशी खराब होतील?

मग मला आमचा कुकर आठवला. शिट्टी बुजली की वाफ रबराच्या कडेने फसफसते, आणि आपण उगाच रबर बदलत बसतो. आत काहीतरी कोंडलं होतं. मग प्रश्न एवढाच उरला की, या इंजिनाची शिट्टी कुठे आहे?

इंजिनाच्या बाजूने एक जाड नळी खाली उतरत होती. तिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. उघड्या तोंडाची नळी म्हणजे वाफ सोडायचीच असणार. इंजिन गार झाल्यावर तिच्यात खालून बोट घातलं, तर आत मऊ काहीतरी लागलं. वर घरात जाऊन क्रोशाची सुई आणली आणि ओढलं. काळ्या चिकट तेलातून गुलाबी, निळं, पिवळं सूत निघत गेलं. मिलमधल्या वाया गेलेल्या सुताचा घट्ट वळलेला बोळा!

रविवारी दीर आले तेव्हा मी तो बोळा वर्तमानपत्रावर त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि गावाकडच्या बोलीत ओरडले.

"हाई तं मन्हंच काम शे, वहिनी!"

मिलला दिवाळीची सुट्टी लागली की ते मशीनची उघडी तोंडं असे बोळे कोंबून बंद करत, उंदीर आणि कचरा जाऊ नये म्हणून. दादा गेल्यावर गाडी उभी राहणार, म्हणून त्यांनी गुपचूप तेच केलं होतं. सायलेन्सरमधला बोळा, मी गाडी काढायच्या आधीच, त्यांनी काढला होता. हा विसरले.

"मग भंगारात कुणाला द्यायचं? गाडीला की तुम्हाला?" मी विचारलं. ते डोळे पुसत हसत होते.

आदल्या दिवशी मी परत इंजिन धुऊन, उधन्याला फेरी मारून, गाडीखाली पांढऱ्या कापडाचा तुकडा अंथरून ठेवला होता. दीर गुडघ्यांवर बसले, ते कापड ओढून बाहेर काढलं, तज्ज्ञाने कापडाचा ताका तपासावा तसं उजेडात धरलं. एकही डाग नव्हता. तेवढ्यात भंगारवाला फाटकातून आला. दिरांनी ते कापड त्याच्यासमोर फडकवलं आणि गाडी द्यायची नाही म्हणून गुजरातीत सांगून टाकलं.

"नथी आपवानी भाई, गाडी नथी आपवानी!"

मी किल्ली घेतली आणि त्यांच्यासाठी बाजूचं दार उघडलं.