चार बोटांचा फरक

सामुद्रधुनीच्या तोंडाशी पाण्याची पातळी मोजण्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. अलीकडे मोठा समुद्र, पलीकडे धाकटा. धाकट्याला नद्या मिळत असल्यामुळे त्याचं पाणी साधारण चार बोटं उंच. हे येईल त्याला सांगायची त्यांना भारी हौस, म्हणून लोक त्यांना चारबोटेच म्हणू लागले. पोस्टमन त्या नावाची पत्रंसुद्धा बिनचूक आणून देई.

रोज सकाळी अलीकडच्या खांबावरचा आकडा टिपायचा, मग तासभर चालून पलीकडचा. डबा हातात देताना बायको विचारायची, "आज कोण वरचढ?" नवराबायकोच्या भांडणांचा निकालही याच भाषेत लागे आणि चारबोटे बहुधा मोठ्या समुद्रासारखे खालीच असत. ती गेली आणि घर खायला उठलं.

निवृत्तीनंतर एक संशोधक मुलगी त्यांच्या जुन्या वह्या घेऊन घरी आली. तिचं म्हणणं असं, की हा फरक वाऱ्याप्रमाणे कधी दोन बोटं, कधी सहा. मात्र एका वर्षी सलग एकोणचाळीस दिवस तो बरोब्बर चार. त्याच दिवसांवर तिचा अख्खा निबंध उभा होता आणि त्यात चारबोट्यांच्या चोख कामाचं तोंडभरून कौतुक होतं.

"तेव्हा समुद्राला काय झालं होतं, काका?"

गप्प बसलं तर नाव राहणार होतं. बोललं तर एकतीस वर्षांच्या सगळ्याच वह्यांवर कुणीही बोट ठेवलं असतं. त्यांनी पान पाहिलं. बाकीची पानं खाऱ्या हवेनं फुगलेली, ही तेवढी कोरडी. घरात लिहिलेली ना.

"समुद्राला काही झालं नव्हतं, पोरी. ही अंथरुणाला खिळली होती. मी अलीकडचा खांब बघून धावत घरी यायचो आणि चार बोटं मिळवून पलीकडचा आकडा हिच्या उशाशी बसून लिहायचो. चाळिसाव्या दिवशी ही गेली."

मुलीचा चेहरा उतरला. तिनं पेन काढलं, पलीकडचे एकोणचाळीस आकडे एकेक करून खोडले आणि समोर 'नोंद नाही' असं लिहायला घेतलं.

"नोंद नाही असं लिहू नकोस," चारबोटे म्हणाले. "त्या दिवसांचा हिचा ताप मला तोंडपाठ आहे. पहिल्या दिवशी एकशे एक होता. लिही."