दादाच्या फोटोवरचा हार

वहिनी रिक्षातून उतरायच्या आत मला तो हार काढायचा होता. एवढंच.

सोलापुरात, आमच्या दादाच्या आठवणीचं एक दालन संग्रहालयात उघडणार होतं. दादा लढाऊ विमानाचा पायलट. लढाईत विमान घेऊन गेला तो गेलाच. विमान सापडलं नाही, दादाही नाही. सरकारनं बेपत्ता म्हटलं आणि वहिनीनं तेवढाच शब्द उराशी धरला. म्हातारी झाली, पण कपाळाचं ठसठशीत कुंकू कधी चुकलं नाही. दर वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळते. एकदा आमच्या आत्यानं घरातल्या फोटोला हार घातला, तर वहिनी कितीतरी दिवस धड जेवली नाही. त्यानंतर कुणाची छाती झाली नाही. आणि आता तर तिचं हृदय तोळामासा, डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं.

म्हणून म्हटलं, आपण आधी जाऊन बघावं. दालन झकास सजवलं होतं. काचेत दादाचं हेल्मेट, हातमोजे, छताला टांगलेलं छोटं विमान. समोरच्या भिंतीवर हा एवढा मोठा फोटो, आणि त्यावर चंदनाचा हार!

"कुणाची अक्कल ही?" मी ओरडलेच.

संयोजक बिचारे गांगरले. "मावशी, आदर म्हणून..."

"आदर गेला चुलीत! आधी काढा तो."

शिडी आणायला गेलेला माणूस काही येईना. बाहेर रिक्षा थांबली. आई गं! साठी उलटलेली बाई मी, खुर्चीवर चढले. हार ओढला, कशीबशी उतरले आणि पदराआड धरला, तोच वहिनी दारात.

तिनं फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"वन्सं, पदराखाली काय हाय?"

"कुठं काय?"

"चंदनाचा वास येतोय की."

आता ही इथंच कोसळणार, या भीतीनं मला रडूच फुटलं. मी गुमान हार तिच्या हातात दिला. ती त्याचे मणी चाचपत राहिली आणि मी तिचा श्वास बघत राहिले.

"पयला हार मीच घातला हुता त्यास्नी," ती म्हणाली. "ह्यो बी दुसऱ्या कुणी घालायचा न्हाय."

भिंतीपाशी जाऊन तिनं दोन्ही हात वर केले. हात पुरेनात.

"लग्नात बी त्यास्नी दोस्तांनी असंच उंच उचललं हुतं. मग ते सवताच वाकले."

मला आठवलं. करवली होते मी, हसून हसून पोट दुखलं होतं. आता कुणीच हसलं नाही. ती तशीच हात वर करून थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं हात खाली घेतले.

"वन्सं," ती म्हणाली, "आता ते न्हाय वाकायचे. तुमी फोटो खाली घ्या."