आईचा हात वर होता

माझे वडील दोन वेळा नगरसेवक होते. जळगाव-धुळे रस्त्यावरच्या आमच्या गावात नगरसेवक म्हणजे कोण, तर ज्याच्या ओट्याखाली सकाळी उजाडल्यापासून लोकांच्या चपला पडलेल्या असतात तो माणूस. नळाला पाणी नाही, गटार तुंबली, रेशनकार्डात सुनेचं नाव चढत नाही, प्रत्येक गोष्टीसाठी लोक "नाना, नाना" करत यायचे. नव्वदीच्या दशकात बायकांसाठी वॉर्ड राखीव झाले आणि सोडतीत नेमका आमचाच वॉर्ड निघाला. नानांचा चेहरा पडला, पण एकच दिवस. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला उभं करायचं ठरवलं, गावाला सांगितलं आणि मग आईला सांगितलं. याच क्रमाने.

पोस्टरवर आईचा फोटो रुपयाएवढा आणि नानांचा ताटाएवढा. मी तेव्हा कॉलेजात होते, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईला मात्र त्याचं काही वाटलं नाही. तिच्या मनाला वेगळंच लागून राहिलं होतं. त्या श्रावणात नाल्यापलीकडच्या गल्लीत कानबाई देवी बसली, तेव्हा आई नेहमीसारखी दर्शनाला गेली होती. त्या गल्लीत एकाही घरात संडास नव्हता. बाजारामागे पालिकेने बांधलेला बायकांचा संडास होता, त्याची दारं कधीच निखळून गेली होती. बायका एकमेकींपुढे लुगड्याचा आडोसा धरून उभ्या राहत. गल्लीतली एक म्हातारी, सगळे तिला मोठी माय म्हणत, आईचा हात धरून म्हणाली, "अक्का, आम्हले साडी नको, काहीच नको. त्या संडासले दारं बसाडी दे."

आई घरात आमच्याशी शहरी बोलायची, पण तिचं माहेर धुळ्याकडच्या खेड्यातलं. तिथे तिच्या तोंडून माहेरचीच बोली निघाली. "बसाडी देसू, माय."

घरी येऊन ती मला म्हणाली, "कानबाईपुढे बोलले गं मी. आता निवडून यायलाच पाहिजे."

ती निवडून आली. गुलाल नानांवर उधळला गेला.

पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी नानांनी तिला जेवता जेवता सगळं कामकाज शिकवलं. त्याला एक भाकरी संपेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. "विषय कळला नाही तरी चालेल. पुढच्या बाकावर आपले गटनेते बसतात. त्यांचा हात वर गेला की तुझा. बस." सगळ्याच निवडून आलेल्या बायकांना घरोघर हेच शिकवलं असणार. सभागृहात त्या मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसायच्या आणि बाहेर व्हरांड्यात, खिडकीच्या गजांशी, त्यांचे नवरे उभे राहायचे. हात वर गेले की नाही ते बघायला.

दारांचा अर्ज आईने सांगितला, मी लिहिला. नानांनी तो खिशात घातला आणि म्हणाले, पुढच्या सभेला घेऊ. पुढच्या सभेलाही ते हेच म्हणाले. आई दर वेळी विचारायची आणि दर वेळी गप्प बसायची. त्या गप्प बसण्याची मला भयंकर चीड यायची.

मग एका सभेत लिपिकाने भराभर विषय वाचला. बाजारामागील मोडकळीस आलेले बांधकाम पाडून तेथे व्यापारी गाळे बांधणे. गटनेत्यांचा हात वर गेला, मागोमाग सगळ्यांचे गेले, आईचाही. तेवढ्यात विरोधी बाजूचे एक वयस्कर सदस्य उठून म्हणाले, "म्हणजे बायकांचा संडास पाडताय का?" नगराध्यक्ष म्हणाले, "हो. नवीन बांधू ना, जागा बघून." गटनेत्यांचा हात खाली आला नाही. आईचाही नाही. विषय मंजूर झाला.

हे मला आईनेच सांगितलं, घरी आल्या आल्या, पायरीवर बसून. मी तिच्यावर ओरडले, "तुला कळलं होतं ना? मग हात खाली का नाही घेतलास?"

"वर कधी करायचा ते शिकवलं होतं गं," ती म्हणाली. "खाली कधी घ्यायचा ते कोणी सांगितलंच नाही."

नाना आतून म्हणाले, "गाळे आपल्याच वॉर्डात येतायत, रडायला काय झालं?" नानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. या वाक्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

संडास एका दुपारीत भुईसपाट झाला. नाल्यापलीकडच्या बायका अंधार पडायची वाट बघून रेल्वेच्या रुळांच्या कडेला जाऊ लागल्या. दोन-चार दिवसांनी मोठी माय आमच्या दारी आली. ओट्यावर चढली नाही, खालीच उभी राहिली.

"बठ्ठासना हात वर व्हतात म्हणे. तुना बी व्हता का, अक्का?"

नाना घरात नव्हते. आई सहज नाही म्हणू शकली असती, म्हातारीने विश्वासही ठेवला असता. आई म्हणाली, "व्हता."

म्हातारीने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि वळली.

आमच्या परसात संडास होता, त्याचं एक दार मागच्या बोळात उघडायचं. त्याच दिवशी आईने त्या दाराचं कुलूप काढलं, आत दिवा लावून घेतला आणि स्वतः नाल्यापलीकडे जाऊन घरोघर सांगून आली, आमच्याकडे या, दार उघडं आहे. नाना चिडले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्यांचं ऐकलं नाही. मुदत संपेपर्यंत रोज दिवेलागणीला ती तिथे पाण्याची बादली भरून ठेवायची. एकही बाई आली नाही. सकाळी बादली काठोकाठ तशीच असायची. आई ती ओतून टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा भरायची.