एकटीला ओढवेल तेवढा डोंगा

वैनगंगेच्या काठावरच्या कोसमघाटात धुरपताबाईची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. "हे तुले जमनार नाई" असं कुणी म्हटलं की ती वाद घालायची नाही, रडायची तर मुळीच नाही. ती पदर कमरेला खोचायची. पदर खोचला की समजावं, आता ब्रह्मदेव खाली उतरला तरी ही बाई ऐकायची नाही.

देशातली पहिली निवडणूक होऊन वर्ष उलटलं होतं. मतं मागायला आलेल्यांनी नदीवर पूल देऊ असं सांगितलं होतं, आणि सांगून ते गेले होते. धुरपताचा नवरा त्याच्याही आधी गेला. इकडच्या काठावरची घरची जमीन धाकटा दीर गुणवंतराव कसायचा. पण पलीकडच्या काठावर धानाच्या चार बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, होत्या, त्या तिच्या स्वतःच्या. एकुलती एक लेक म्हणून बापाने मरताना दिलेल्या. जगात आपलं म्हणावं असं तिला तेवढंच होतं, आणि ते नेमकं नदीपलीकडे होतं.

तिकडेच जाऊन राहावं, तर इकडे सासू गुणाबाई अंथरुणाला खिळलेली. सासूला धुरपताच्या हातचाच घास लागे. म्हणजे सकाळी पलीकडे जायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, रोज. आणि हे रोजचं जाणं-येणं घाटावरच्या सोमाजी नावाड्याच्या मर्जीवर. सोमाजी माणूस वाईट नव्हता, पण नाव भरल्याशिवाय बांबूला हात लावायचा नाही. धुरपता काठावर बसून राही आणि पलीकडे रानडुकरं तिच्या धानाचा फराळ करीत. गेल्या साली तर धानाची रोपं लावायची रोवणीच अर्धी राहिली होती.

"वयनी, तुमच्यानं हे होनार नाई," गुणवंतराव चावडीपुढे चारचौघांत म्हणाला. "बांध्या मले द्या. मी कसतो. तुमच्या पोटापुरतं धान घरी येईन."

गुणवंतराव लबाड नव्हता. आपण वहिनीचं भलंच करतो आहोत असं त्याला अगदी मनापासून वाटे, आणि असल्या माणसाशी झगडणं लबाडाशी झगडण्यापेक्षा अवघड. धुरपताने पदर खोचला.

"यंदा पोळ्याच्या आत माही रोवणी झाली नाई, तर बांध्या तुमच्या," ती म्हणाली. "झाली, तर पुन्हा हा विषय काढाचा नाई."

"अन् जासान कशा? सोमाजी पुरात नाव घालत नाई."

"मी डोंगा घेतो."

लोक हसले. डोंगा, म्हणजे एका झाडाचं खोड कोरून केलेली होडी, तो मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरी असायचा. शेतकऱ्याच्या घरच्या बाईने डोंगा घ्यावा हे ऐकून घाटावरचे म्हातारेसुद्धा दात नसलेलं तोंड उघडून हसले.

उन्हाळा संपत आला होता. नदीच्या वरच्या अंगाला जंगलातल्या वस्तीत इसरू नावाचा गोंड डोंगे कोरायचा, त्याच्याकडे ती चालत गेली. मोहाच्या सावलीत दोन डोंगे उपडे घातलेले. एक लांबरुंद, पोट सुटलेल्या पाटलासारखा. दुसरा अरुंद, बुटका. शेतकऱ्याच्या डोळ्याला जो आवडायचा तोच तिला आवडला. तिने मोठ्यावर बोटांनी टकटक केलं, वाकून आत पाहिलं, आणि धानाची कोठी घेताना विचारावं तसं विचारलं, "यात पोती किती मावतीन?"

इसरू हातातला लाकूड तासायचा वाकस खाली न ठेवता म्हणाला, "पोती विचारून राह्यली. पोती का नदी वलांडतेत?"

"मंग?"

"तू वलांडते. एकटी का कोनी संगं?"

"एकटी."

"काठावर ओढन कोन?"

"मीच."

"पोहता येते?"

धुरपताने डोंग्यावरचा हात काढून घेतला. नदीकाठी जन्म गेला, पण गुडघ्याच्या वर पाण्यात ती कधी शिरली नव्हती. बायकांनी धुणं धुवावं, घागर भरावी आणि घरी यावं, अशी रीत.

इसरूचीही एक रीत होती. डोंगा नेणाऱ्याने तो आधी वस्तीजवळच्या डोहात घालायचा, मुद्दाम पालथा करायचा, आणि एकट्याने सरळ करून, पाणी उपसून, त्यात बसून काठाला यायचं. मग काठावर कोंबडं कापायचं आणि डोंगा न्यायचा. बापाने घालून दिलेली ही रीत इसरू ढिवरांकडूनही करवून घेई.

"मी काय रोज पालथा घालनार हाय का?" धुरपता म्हणाली. "धान आनासाठी घेऊन राह्यली मी. लहान्यात काय आनू, भाजी?"

"धान सालातून एकडाव. तू रोज."

"मले मोठाच पाह्यजे."

इसरूने तिच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तुया डोंगा, तुयी नदी." त्याला वाद घालायचा कंटाळा होता, आणि मोठा डोंगा कधीचा पडून होता. धुरपताने कोठीतलं धान त्याच्या बैलगाडीत भरून दिलं आणि रीत करायची राहूनच गेली. अंथरूण पाहून पाय पसरावे हे तिने इतरांना शंभरदा ऐकवलं असेल, पण पाय स्वतःचे असले की अंथरूण कुणाला दिसतं!

मोठा डोंगा घाटावर आला तेव्हा गाव बघायला जमलं. पाणी शांत होतं तोवर सारं झकास चाललं. सोमाजीने चार गोष्टी सांगितल्या, ती वल्हं मारायला शिकली, पलीकडे धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकून आली. रिकामा डोंगा वाऱ्याने भलतीकडे तोंड फिरवायचा, ओढताना खांदे उतरायचे. पण धुरपता हे कुणाला सांगणार होती थोडीच.

मग वरच्या अंगाला पाऊस झाला. इथे ऊन पडलेलं, धुरपता पऱ्ह्यांतलं गवत काढत होती. सहज मान वर केली तर नदी लाल झालेली आणि काठ चढून येत असलेली. ती धावली. डोंगा पाण्यात डोलत होता. तिने दोर धरला, पाय रोवले, ओढला. डोंगा हातभर सरकला आणि थांबला. पुन्हा ओढला. नदीने उलट ओढला. कमरेतून कळ निघाली, तळव्याची साल निघाली. कुणाला हाक मारावी तर माणूस नाही. डोंग्यात पाणी शिरलं, तो जड झाला, दोर खडकावर घासून तुटला, आणि तो पोटसुट्या पाटील कुणाचा निरोप न घेता खाली निघून गेला.

ती काठावर बसली आणि त्या दिवशी मात्र रडली. डोंग्यासाठी नाही, घरी सासू उपाशी असेल म्हणून. ती रात्र तिने त्याच काठावरच्या माहेरगावात काढली. सोमाजीने दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर तिला आणलं. सासूला गुणवंतरावच्या बायकोने भरवलं होतं. दारात गुणवंतराव उभा होता.

"झालं ना, वयनी?" तो हळू म्हणाला. हळू म्हणाला म्हणून जास्त लागलं.

"पोळा झाला काय?" धुरपताने विचारलं, आणि पदर खोचला.

सासूने अंथरुणातून हात पुढे केला. तिच्या दंडात चांदीच्या वाक्या होत्या, लग्नातल्या. "काढ," म्हातारी म्हणाली. "मेल्यावर त्या तशाही काढनारच हा तुमी लोक."

इसरू तिला पाहून हसला नाही. "कुठवर गेला?" एवढंच त्याने विचारलं.

"समुद्राले भेटला असन. तो लहाना हाय का अजून?"

"हाय. पन यावेळी रीत करा लागन."

"करतो."

इसरूने बायकोला हाक मारली. सोमारी धिप्पाड, मोजकं बोलणारी बाई. सासूजवळ जावेला बसवून धुरपता त्या आठवड्यात रोज वस्तीवर गेली, आणि रोज त्या डोहात गटांगळ्या खाल्ल्या. पहिल्या दिवशी डोंगा पालथा झाला तशी तिने तो सोडून सोमारीच्या गळ्यालाच मिठी मारली. सोमारीने तिला काठावर आणून आपटलं.

"मी का लाकूड आहो?" सोमारी म्हणाली. "पालथा झाला तरी डोंगा बुडत नाई. तू बुडते. त्याले सोडू नको."

मासोळीसारखं पोहायला कुणी आठवड्यात शिकत नाही आणि धुरपताही शिकली नाही. पण नाकातोंडात पाणी गेलं तरी लाकडावरचा हात सुटू द्यायचा नाही, हे ती शिकली. दोन्ही हातांनी डोंगा हलवून निम्मं पाणी बाहेर फेकायचं, उरलेलं दोरीला बांधलेल्या पोकळ भोपळ्याच्या तुंब्याने उपसायचं. चढताना बाजूने चढलं की पुन्हा पालथा. शेंड्याकडून पोटावर सरकत चढायचं. आणि मुख्य म्हणजे, पाणी लाल दिसलं की डोंगा घालायचाच नाही, काठावर बसून भाकर खायची. हे शेवटचं तिला सगळ्यात जड गेलं.

ज्या दिवशी तिने एकटीने सगळं केलं, त्या दिवशी इसरूने आणखी एक गोष्ट करायला लावली. ओला डोंगा डोहातून ओढत मोहाच्या झाडापर्यंत न्यायचा. तिने नेला. थांबत, शिव्या देत, पण नेला. कोंबडं कापलं गेलं.

मग सुरू झाली रोवणी, आणि तिची थट्टाही. त्या डोंग्यात धुरपताखेरीज एकच बाई मावायची. रोवणाऱ्या बाया काठावर रांगेत उभ्या राहायच्या आणि ही एकीला सोडून दुसरीला न्यायला परत यायची. पहिल्यांदा बसली ती शेजारची रुखमा. ती डोळे मिटून गेली आणि उतरल्यावर म्हणाली, "भेव नाई वाटत बाप्पा," मग कुठे बाकीच्यांचा धीर झाला. संध्याकाळी पुन्हा तेच. "धुरपता रोवणी करून राह्यली का नदी शिवून राह्यली?" सोमाजी ओरडायचा. पाणी लाल झालं की ती डोंगा ओढून पळसाच्या बुंध्याला बांधायची आणि भाकरीचं गाठोडं सोडून बसायची. बसणं तिला आवडत नसे, पण बसायची.

पोळा तोंडावर आला. घरोघरी बैलांची शिंगं रंगवायची तयारी सुरू झाली, आणि गुणवंतराव घाटावर आला. अंगात कोट, डोक्याला फेटा. सोमाजी तापाने फणफणला होता, नाव बांधलेली.

"रोवणी झाली म्हनता, वयनी. मी पाहून येतो."

"बसा मंग."

त्याने त्या अरुंद लाकडाकडे पाहिलं. मागे फिरावं तर घाटावर लोक होते.

"खाली बसा, भाऊजी. पाय लांब करा. काठ धरू नका. अन् काई झालं तरी उठू नका."

गुणवंतराव बसला. अर्ध्या नदीपर्यंत तो देवासारखा निश्चल होता. मग पलीकडचा हिरवा पट्टा दिसू लागला. त्याच्या नजरेला पुढच्या दोन बांध्या दिसल्या, मागच्या उंच धुऱ्याच्या बांधाआड होत्या. मागच्या रोवल्या की नाही? सगळा वाद त्यावरच होता. मान उंचावून भागेना तेव्हा गुणवंतराव अर्धा उठला.

क्षणात दोघं पाण्यात.

"लाकूड धरा!" धुरपता ओरडली. "मले नाई, लाकूड!"

त्याचा कोट पकडून तिने त्याचा हात डोंग्यावर आपटला. फेटा सुटून लांबच लांब वाहत गेला. धार त्यांना वळणाकडे घेऊन निघाली. तिथे पाणी मंद होतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने तोवर धडपड केली नाही. वळणावर तिने डोंगा सरळ केला, हलवला, तुंब्याने उपसला, शेंड्याकडून पोटावर सरकत वर चढली, आणि कमरेच्या दोरीला बांधलेलं वल्हं ओढून घेतलं. गुणवंतराव मागच्या टोकाला लोंबकळत पलीकडच्या काठाला लागला.

 तो भिजलेल्या धोतराने धुऱ्यावरून चालत गेला. पुढच्या दोन बांध्या, मागच्या दोन. रोवा सगळीकडे उभा होता, मुळाशी पाणी. शेवटच्या बांधीशी तो वाकला, त्याने गवताची एक काडी उपटली आणि बाहेर फेकली. शेतकऱ्याने दुसऱ्याच्या शेतात हे केलं की त्यात सगळं आलं.

"रोवा बरा हाय," तो म्हणाला. मग नदीकडे पाहून, "परत कसं जाचं?"

"जसं आलो तसंच. पन बसून."

परतताना गुणवंतराव डोळेसुद्धा फिरवत नव्हता. घाटावर लोक उभेच होते. फेटा त्यांच्या आधी येऊन पोचला होता, कुणीतरी खालच्या अंगाला तो पकडून आणून बोरीवर वाळत घातला होता. धुरपता उतरली, दोर खांद्यावर घेतला आणि डोंगा चढावरून ओढू लागली. गुणवंतरावला काय वाटलं कोण जाणे, तो पुढे झाला आणि त्याने डोंग्याला हात लावला.

धुरपता थांबली. धाप लागली होती, पण हसू लपत नव्हतं.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "एकटीले ओढवते, म्हनूनच घेतला."