गोधडीखालच्या टाक्या

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही.

कुपवाडला कारखान्यांजवळ माझी खानावळ आहे. शेजारी शमाभाभी नाश्त्याला पोहे-भजी करायच्या. तिकडं आखातात लढाई पेटली. ज्या समुद्राचं नाव मला धड घेता येत नाही, तिथं गॅसची जहाजं अडकली, असं टीव्हीवर दाखवत होते. मी एजन्सीत पळाले. ओळखीनं तीन टाक्या जादा आणल्या, मोरीशेजारच्या खोलीत लपवल्या आणि घरातल्या सगळ्या गोधड्या वर टाकल्या. साठवण कोण करत नव्हतं? पण थांबा — सांगायचंय ते हे नाही.

थोड्याच दिवसांत हॉटेलांचा गॅस बंद झाला. भाभी दारात आल्या.

"ताई, एक टाकी हाय का? माझी आली की लगेच देते."

"आमचीच शेवटची चाललीया," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, गेल्या.

मग त्यांनी मागच्या बोळात चूल मांडली. कारखान्यातल्या खोक्यांच्या ओल्या फळ्या — नुसता धूर. एका सकाळी फळ्या पेटेचनात, म्हणून त्यांनी रंगवाल्याकडचं थिनर ओतलं. भडका उडाला. ओढणीनं पेट घेतला.

मी बोळातच होते, सगळ्यांत जवळ. कुणीतरी ओरडलं, "गोधडी आणा!" मी घरात पळाले. गोधडीला हात घातला, ओढली — आणि खालची टाकी उघडी पडली. दार सताड उघडं. मागून माणसांचे आवाज. मी काय केलं असेल?

मी गोधडी परत टाकीवर घातली. कडा नीट खोचल्या. दार लावलं. हो — त्या जळत असताना.

रिकाम्या हातानं बाहेर आले, सापडत नाही म्हणाले. तोवर समोरच्या लेथवाल्यानं ओलं पोतं टाकून आग विझवली होती. तो वास... घाबरले होते म्हणू? नाही. कडा खोचताना मी पूर्ण शुद्धीवर होते. अजून विश्वास बसत नाही, की ती मीच.

सांगलीच्या दवाखान्यात मी रोज डबा नेला. त्यांचे दोन्ही हात बांधलेले, मी भरवायचे. एकदा बहिणीला म्हणाल्या, "ताईंकडं टाकी असती तर त्यांनी दिलीच असती." मी पुढचा घास भरवला.

आता गॅस येतो. भाभींच्या उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत. भजी सून तळते. त्या बाहेर बाकड्यावर बसतात. मी गेले की सरकून जागा देतात.

मी बसते.